योद्ध्याच्या पोटात नारुमी इसाकू

आतून आधार देणाऱ्या सांगाड्याला आणि बाहेरून रक्षण करणाऱ्या चिलखताला माणसांनी एकच शब्द का वापरावा, या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला सापडलेले नाही. शब्द 'आर्मेचर' हा आहे. लॅटिनमध्ये तो शिपायाच्या अंगावर चढला आणि शिल्पकाराच्या हाती आल्यावर पुतळ्याच्या पोटात शिरला. मधल्या काळात तो चुंबकाला चिकटला, काटेरी झुडपांवर उगवला आणि शेवटी विजेच्या यंत्रात गरगर फिरू लागला. त्याच्याही मागे 'जोडणे, नीट बसवणे' अशा अर्थाचा एक फार जुना धातू असल्याचे भाषाभ्यासक मानतात. आपल्या बैलगाडीच्या चाकाचा आरा त्या धातूचा दूरचा भाऊबंद असावा, असेही त्यांच्यापैकी काही म्हणतात. जपानात त्सुगारूच्या किनाऱ्यावरील हामाझावा या गावच्या नारुमी इसाकूला हा प्रश्न कधी पडला नाही. त्याला फक्त आतली बाजू ठाऊक होती.

इसाकू वर्षभर खेकडे पकडायचे तारेचे पिंजरे विणत असे. उन्हाळा आला की गावच्या दिव्यांच्या उत्सवासाठी योद्ध्याची जी प्रचंड कागदी मूर्ती निघे, तिचा सांगाडा तो बांधी. बांबू मागे पडून तार आली तेव्हापासून हे काम त्याच्याकडे होते. तारेला तार जिथे छेदते तिथे दोऱ्याची गाठ मारायची, आत विजेचे दिवे टांगायचे आणि मग कागद चिकटवणाऱ्या बायकांच्या स्वाधीन करायचे, असा क्रम होता. मूर्ती रंगवून झाली की लोक चेहऱ्याचे कौतुक करीत. इसाकूला त्याचे वाईट वाटत नसे, कारण चेहरा ही त्याच्या मते सांगाड्याची किरकोळ आणि काहीशी उथळ बाजू होती.

या स्वभावाचे परिणाम मात्र घराला भोगावे लागले. कोणत्याही वस्तूची खालची किंवा मागची बाजू पाहिल्याखेरीज त्याला चैन पडत नसे. मुलगी फुमी लग्नाची झाली आणि पहिली बघण्याची बैठक ठरली, तेव्हा यजमानांचे बसके टेबल किंचित डगमगते आहे असे त्याला जाणवले. तो टेबलाखाली गेला आणि बैठक संपेपर्यंत बाहेर आला नाही. वराच्या वडिलांनी बराच वेळ त्याच्या तळपायांशी बोलणे केले. दुसऱ्या बैठकीत तो टेबलाखाली गेला नाही. तो वराच्या आईच्या मागे जाऊन बसला, तिच्या कंबरपट्ट्याची गाठ शास्त्राला धरून नाही असे त्याने सौम्यपणे सांगितले, आणि ती सोडून पुन्हा बांधायला घेतली. त्या घराण्याने पुढे हामाझावाचे खेकडेसुद्धा घेतले नाहीत, असे म्हणतात.

त्यामुळे १९६७ च्या ऑगस्टमध्ये तिसरी बैठक ठरली तेव्हा त्याची बायको तोमे हिने त्याला समोर बसवून बजावले.

"या वेळी तुम्ही फक्त बसायचं. समोर. टेबलाच्या वरच्या बाजूला."

"टेबल कुणाचं आहे?"

"आपलंच. आणि ते डगमगत नाही."

"ते मला माहीत आहे. मीच केलंय."

"मग झालं तर! बसायचं, चहा प्यायचा, 'हो' म्हणायचं. ही बैठक फिसकटली तर मात्सुकाकू चौथं स्थळ आणणार नाहीत. तसं तोंडावर सांगितलंय त्यांनी."

मात्सुकाकू म्हणजे कासाई मात्सु. गावातली लग्ने जुळवणे आणि मूर्तीला कागद चिकटवणाऱ्या बायकांचे नेतृत्व करणे, ही दोन्ही कामे तिच्याकडे होती आणि दोन्हींत ती तितकीच काटेकोर होती. तिने आणलेले स्थळ हिरोसाकी शहराचे होते. सोमा केंगो हा तिथल्या तंत्रशाळेत इंग्रजी शिकवी आणि यंत्रांच्या नावांचा एक कोश तयार करी. पाहायला आलेल्या मुलींशी तो शब्दांविषयी बोले. मुली चहा संपण्याआधी उठून जात. फुमीने त्याला पूर्वी एकदाच पाहिले होते. हिरोसाकीच्या बसथांब्यावर तो पुस्तक वाचत चालत होता, विजेच्या खांबावर आदळला, आणि त्याने कमरेत वाकून खांबाची माफी मागितली. तेव्हापासून फुमी अन्य स्थळांविषयी विचारणे टाळू लागली होती. इसाकूला एवढे कळत होते की या वेळी लेकीला हे घर हवे आहे, आणि आपण काहीही न करणे हाच त्यावरचा एकमेव उपाय आहे. त्याने मनोमन टेबलाच्या वरच्या बाजूला बसण्याचा निश्चय केला.

हामाझावाची एक रीत इथे सांगितली पाहिजे. डोळ्यांखेरीज मूर्ती पूर्ण रंगवून झाली तरी पाठीमागे कमरेपाशी एक खिडकीएवढी जागा उघडी ठेवतात. उत्सवाच्या सकाळी सांगाडा बांधणारा तिथून आत जाऊन शेवटची पाहणी करतो आणि बाहेर येतो. कागद चिकटवणारी प्रमुख बाई "आत कोणी आहे का?" असे विचारते. उत्तर आले नाही की ती शेवटचा कागद लावते, त्याच क्षणी चित्रकार शिडीवरून योद्ध्याचे डोळे रेखतो, आणि ढोल वाजतो. डोळे रेखले की मूर्ती सजीव झाली. मग शेवटच्या दिवशी ती नावेवर चढवून समुद्रात नेईपर्यंत तिच्या कागदाला सुरी लागता कामा नये. लागली तर त्या वर्षी नावा परत येत नाहीत.

त्या सकाळी इसाकू आत होता. योद्ध्याच्या डाव्या खांद्याखाली एक गाठ त्याला सैल वाटली. ही गाठ मारताना दोऱ्याचे एक टोक दातांत धरावे लागते. तोंड उघडले तर गाठ सुटते. मात्सुकाकूने खिडकीशी तोंड नेऊन विचारले, "आत कोणी आहे का?" इसाकूने प्रश्न नीट ऐकला. आत कोणी आहे, हे त्याला माहीतही होते. पण गाठ अर्धवट होती. मात्सुकाकूने पुन्हा विचारले. त्याने दोरा अधिक घट्ट चावला. मग कागदावर खळीच्या ब्रशचा ओला आवाज आला, शिडी करकरली, ढोल वाजला आणि लोकांनी जयघोष केला.

"झाली!" इसाकू आतून म्हणाला.

जयघोष थांबला.

"कोण बोललं?" मात्सुकाकूने विचारले.

"मी. इसाकू. गाठ झाली."

"इसाकू, मी दोनदा विचारलं!"

"मी दोनदा ऐकलं."

मूर्तीचा पाट चाकांच्या गाड्यावर होता आणि गाड्यात, योद्ध्याच्या बरोबर पायांखाली, दिव्यांसाठी विजेचे जनित्र बसवलेले होते. त्याच्या देखभालीसाठी खालून एक झडप होती. माणूस तिच्यातून रांगत सहज बाहेर येऊ शकला असता. तोमेने ते लगेच दाखवले. मंदिराच्या पुजाऱ्याने नकारार्थी मान हलवली.

"आत जाणं वेगळं, बाहेर येणं वेगळं," तो म्हणाला. "मूर्तीत कोणी शिरलं तर ती भर. मूर्तीतून कोणी बाहेर पडलं तर ती गळती. डोळे रेखल्यावर गळती चालणार नाही."

"पण ते तिचा भाग नाहीत! ते माझे यजमान आहेत!"

"डोळे रेखले तेव्हा आत होते. देवाच्या हिशेबी ते आता योद्ध्याचे काहीतरी आहेत. यकृत म्हणा."

"आज संध्याकाळी हिरोसाकीची माणसं येतायत. त्यांना काय सांगू, मुलीचा बाप यकृत झाला म्हणून?"

पुजाऱ्याने ही अडचण धर्माच्या कक्षेबाहेरची असल्याचे सांगितले. इसाकू आतून निमूट ऐकत होता. त्याला लेकीसाठी अपराधी वाटत होते. पण त्याच वेळी, प्रामाणिकपणे सांगायचे तर, सजीव झालेल्या मूर्तीच्या आत राहायला मिळालेला तो गावातला पहिलाच माणूस होता. उन्हात बाहेरचे रंग आत उतरले होते. चिलखताची लाल-निळी पाती त्याला उलटी दिसत होती आणि प्रत्येक पात्यामागे त्याची तार काळ्या रेघेसारखी उभी होती. बाहेरचे चिलखत आतल्या तारेवर टांगलेले आहे की आतली तार चिलखतात अडकवलेली आहे, हे तिथून सांगता येत नव्हते. तोमेने झडपेतून भाताचे गोळे, भाजलेले माकूळ मासे आणि चहा पाठवला. शरीरधर्माची व्यवस्थाही तिनेच लावली. तिचे वर्णन या लेखाच्या शिस्तीत बसत नाही.

निर्णय मात्सुकाकूने घेतला. बैठक रद्द होणार नव्हती, कारण सोमाच्या आईने आपण दुसऱ्यांदा बसचा प्रवास करणार नाही असे कळवले होते. मिरवणूक दिवेलागणीला नारुमींच्या दारावरून जात असे. तिथे गाडा थांबवायचा, अंगणात चटया घालायच्या आणि टेबल मूर्तीसमोर मांडायचे.

"बाप टेबलापाशी असला म्हणजे झालं," मात्सुकाकू म्हणाली. "कशाच्या आत असावा याचा नियम मी तरी ऐकलेला नाही."

ठरल्याप्रमाणे दिवेलागणीला जनित्र सुरू झाले, मूर्ती उजळली आणि ढोल, बासऱ्या व झांजांच्या गजरात गाडा नारुमींच्या दारात येऊन थांबला. इसाकूला आतून सगळ्या सावल्या दिसत होत्या. एक रुंद सावली, ती सोमाची आई. एक लांब, जरा वाकलेली सावली, ती केंगो. मधली निश्चल सावली फुमीची. लहानपणी ओरडा खाताना ती अशीच बसे.

"या मुलीचे वडील," मात्सुकाकूने योद्ध्याकडे हात करून ओळख करून दिली.

सोमाबाईंनी मान वर करून बारा हात उंचीच्या, ऑक्टोपसचा गळा आवळणाऱ्या योद्ध्याकडे पाहिले, आणि रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला.

"आपली भेट झाली, आनंद वाटला," त्या म्हणाल्या.

"हो," योद्ध्याच्या पोटातून उत्तर आले.

"हे नेहमी आतच असतात का?"

तोमे काही बोलणार तोच फुमीने उत्तर दिले. "मी जन्मल्यापासून तरी. यंदा कागद लागला, एवढाच फरक."

कागदाआड इसाकूला हे वाक्य हलके काट्यासारखे लागले. तो तारेला टेकून बसला होता, त्यामुळे प्रत्यक्ष काटाही लागत होता. पण तो वेगळा. लेकीचे म्हणणे खरे होते. तिच्या लहानपणीचे त्याला जे आठवे ते बहुधा खालून दिसलेले असे: तिच्या पाळण्याचा तळ, तिच्या शाळेच्या बाकाची मोडकी फळी. आज समोर बसायचे ठरवले होते, तर त्याचे हे असे झाले.

तेवढ्यात लांब सावली पुढे सरकली.

"काका, एक विचारू? तुम्ही जिथं बसलाय त्याला तुम्ही काय म्हणता?"

"आत."

"म्हणजे, त्या तारेच्या रचनेला?"

"हाडं."

"हाडं!" केंगोची सावली थरारली. "इंग्रजीत याला आर्मेचर म्हणतात. पण गंमत अशी की लॅटिनमध्ये हाच शब्द शिपायाच्या जामानिम्यासाठी होता. ढाल, शिरस्त्राण, अंगावरचं लोखंड. म्हणजे तुमच्या योद्ध्यानं बाहेर घातलंय ते आणि तुम्ही आत बांधलंय ते, दोन्ही—"

"झालं," सोमाबाई म्हणाल्या. "सुरू झाला. माफ करा हं, नारुमीबाई. असं झालं की लोकांना घरची कामं आठवतात. तुम्हालाही आठवली तर आम्ही समजून घेऊ."

"आणि ते खाली फडफडतंय ना, त्या जनित्रातलं फिरणारं लोखंड, त्यालासुद्धा!" केंगो थांबला नाही. "एका शब्दाला माझ्या कोशात एकच प्रतिशब्द द्यायचाय आणि मी इतके दिवस—"

याच क्षणी जनित्र खोकले, त्याने एक जळका वास सोडला, आणि योद्धा विझला. ढोल गोंधळून थांबले. अंगण अंधारले.

हामाझावाच्या मूर्तीने पहिल्या संध्याकाळी विझणे म्हणजे काय, हे तिथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. नारुमींच्या दारात विझली, म्हणजे पुढे कोणत्याही वर्षी त्या दारातून मुलगी घेण्यास कोणी येणार नव्हते. विजेचे काम करणारा माणूस ढोल वाजवणाऱ्यांत होता आणि साके या तांदळाच्या दारूच्या अंमलाखाली इतका सुखात होता की त्याला अंधार झाल्याचे कळले नव्हते. इसाकूला तारा बांधता येत, पण फिरणाऱ्या वस्तूंविषयी त्याला मूलभूत अविश्वास होता. तो आतून म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही. कुणीतरी आत या."

"जो आत जाईल," पुजाऱ्याने आठवण करून दिली, "तो समुद्रापर्यंत आतच राहील."

कोणी हलले नाही. मग झडप करकरली, कोणाचे तरी डोके तिच्यावर आपटले, आणि "माफ करा" असे झडपेला उद्देशून म्हटलेले शब्द ऐकू आले.

"केंगो! तुला जनित्रातलं काय कळतं?" सोमाबाई ओरडल्या.

"नावं कळतात, आई."

त्याने कंदील आत घेतला होता. इसाकूने वर पाहत असलेला एक चेहरा पाहिला. आपल्या सांगाड्याकडे अशा नजरेने पाहणारा चेहरा त्याला आजवर दिसला नव्हता. एका टोकदार तारेने केंगोचा गाल ओरबाडला.

"जपून. टोकं आहेत," इसाकू म्हणाला.

"काट्यांनाही तोच शब्द आहे," केंगो गाल पुसत आनंदाने म्हणाला.

दोघेही जनित्रापाशी उकिडवे बसले. केंगोने प्रत्येक भागाचे नाव सांगितले. इसाकूने प्रत्येक नावाला मान डोलावली. यंत्रावर काहीच परिणाम झाला नाही. मग इसाकूला सवयीप्रमाणे मागची बाजू पाहावीशी वाटली. तिथे तांब्याच्या पट्ट्यांमध्ये तारेचा एक बारीक तुकडा अडकून जळाला होता. सकाळी त्यानेच कापून खाली टाकलेला तो तुकडा असणार, यात त्याला शंका नव्हती. बोट पोचत नव्हते. त्याने कमरेच्या पिशवीतून तुकडे उचलायचा नालाच्या आकाराचा चुंबक काढला आणि त्याच्या दोन्ही टोकांवर आडवी ठेवलेली लोखंडी पट्टी काढू लागला.

केंगोने त्याचे मनगट धरले.

"ही पट्टी कशासाठी ठेवता?"

"नाही ठेवली तर चुंबकाचा जोर उतरतो."

"हेच ते! हीच! जुन्या विद्वानांनी चुंबकाला लोखंड बसवलं आणि म्हटलं, याला चिलखत घातलं. चिलखत आणि यंत्र यांच्या मधला दुवा हाच आहे, काका! मी ही वस्तू फक्त वाचली होती. तुम्ही ती पिशवीत घेऊन फिरता!"

"केंगो, दिवा!" बाहेरून आईचा आवाज आला.

"एक मिनिट, आई! आम्ही पट्टीवर आहोत!"

"पोरा," इसाकू म्हणाला, "तू बोल. पण मनगट सोड. तू बोलत असलास तरी मला काम करता येतं."

हे त्याने आयुष्यात प्रथमच कोणाला सांगितले असावे. केंगो पट्टी हातात धरून बोलत राहिला. चुंबकाने तुकडा ओढून घेतला. इसाकूने कधी कोणाचे इतके ऐकले नव्हते, आणि ऐकताना आपली पाठ अवघडत नाही याचे त्याला नवल वाटले. केंगोने चालू करायची दोरी ओढली, जनित्र पुन्हा खोकले, गुरगुरले, आणि योद्धा पायांपासून शिरस्त्राणापर्यंत उजळला. बाहेर ढोल फुटतील असे वाजले. कागदावर आता आतून दोन सावल्या पडल्या: एक बसकी, एक लांब. योद्ध्याला दोन यकृते झाली होती.

सोमाबाईंनी तोमेकडे पाहून त्या सावल्यांकडे बोट केले.

"माझा मुलगा इतका वेळ एका माणसाशी बोलतोय आणि तो माणूस उठून गेला नाही," त्या म्हणाल्या.

"जाणार कुठं?" तोमे म्हणाली.

"मला कारण नको. मला पसंत आहे."

"मला एक विचारायचंय," फुमी म्हणाली. ती उठली, झडपेपाशी गुडघे टेकून बसली. इसाकूला तिचा अर्धा चेहरा दिसला, आणि तो या वेळी खरोखरच समोरून दिसत होता.

"सोमामास्तर, लग्नानंतरही तुम्ही असंच बोलणार?"

"बहुतेक हो," केंगो म्हणाला. "मला थांबवता येत नाही. मी प्रयत्न केला आहे."

"मग बाबांशी बोलायचं. आमच्याकडे दर रविवारी. माझ्यासमोर गप्प बसलात तरी चालेल. मला गप्प माणसांची सवय आहे."

"आणि तुम्हाला कधी ऐकावंसं वाटलं तर?"

"मी विचारीन. तेव्हा थोडं सांगायचं."

"किती थोडं?"

"बसची वाट पाहताना सांगण्याइतकं."

"चालेल," केंगो म्हणाला.

सगळ्यांच्या नजरा आता मूर्तीकडे लागल्या, कारण रीतीप्रमाणे शेवटचा शब्द मुलीच्या बापाचा असतो. इसाकूने घसा साफ केला. त्याला सांगायचे पुष्कळ होते: की लेकीचे मघाचे बोलणे खरे होते, की तो समोर बसायला निघाला होता, की गाठ सैल होती. त्यातले काही त्याला जमले नाही.

"फुमी," तो म्हणाला, "खांद्यातली गाठ आता पक्की आहे. आत येऊन बघशील?"

"बाबा, आत आले तर मी पण अडकेन."

"हो. तेही आहेच."

"समुद्रावरून आलात की दाखवा. पुढच्या वर्षीची. कागद लागायच्या आधी."

"दाखवीन."

"आणि तोवर तोंडात दोरा धरू नका. मास्तरांना उत्तर द्यावं लागेल."

गाडा पुढे सरकला. मात्सुकाकूने फुमीच्या हातात चहाची किटली दिली, पुजाऱ्याने आत दोघे झाल्याची नोंद घेतल्यासारखी मान हलवली, आणि मिरवणुकीबरोबर योद्ध्याच्या पोटातून केंगोचा आवाज बंदराच्या दिशेने लांबत गेला. मधूनमधून एक जाड आवाज "हो" म्हणत होता.

उत्सवाच्या शेवटच्या दिवशी मूर्ती नावेवर चढवण्यात आली आणि खाडीच्या मध्यावर पोचल्यावर दोघे बाहेर आले. इसाकूला उजेडाने डोळे उघडवत नव्हते. केंगोच्या अंगावर ओरखडे होते. लग्न नोव्हेंबरात झाले. त्या समारंभात इसाकू टेबलाच्या वरच्या बाजूला बसला. टेबल भाड्याचे होते आणि डगमगत होते.

१९७४ च्या उन्हाळ्यापासून हामाझावाच्या मूर्तीचा सांगाडा सोमा फुमी बांधू लागली.